दोन थेंब तेल

तुमच्या घरी एक तरी मामा, काका किंवा आजोबा असे असतीलच, ज्यांना वाटतं की जगातली कुठलीही बिघडलेली वस्तू आपण दुरुस्त करू शकतो. पंखा कुरकुरतोय? आणा स्टूल. मिक्सर बंद पडला? आणा स्क्रू ड्रायव्हर. आमच्या घरात तो माणूस मी आहे. माझ्याजवळ पत्र्याचा एक डबा आहे. त्यात पकड, पाने, खिळे, जुन्या टॉर्चचे बल्ब असं काय काय आहे, आणि शिलाई मशीनच्या तेलाची एक छोटी कुपीही होती. त्या कुपीवर माझा फार विश्वास. दाराची बिजागरी वाजली, दोन थेंब तेल. झोपाळ्याची कडी वाजली, दोन थेंब तेल. गेल्या दसऱ्यापर्यंत तिने मला कधी दगा दिला नव्हता.

माझी भाची नववीत आहे. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलने ओलांडायची शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली, हे तिने कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून तिला सायकलीचं वेड लागलं. मागच्या वाढदिवसाला तिच्या बाबांनी तिला इलेक्ट्रिक सायकल घेऊन दिली. जाडजूड टायर, पुढे शॉकर, मागच्या चाकात मोटर, दांड्याच्या आत बॅटरी. डोंगरावर चालवायच्या सायकलीसारखी ऐटबाज! अडीचशे वॉटपेक्षा कमी ताकदीची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरला मोटरची मदत बंद, अशी सायकल आपल्या कायद्याने मोटरगाडीत धरली जात नाही. म्हणून तिला लायसन्स लागत नाही, नंबर प्लेटही लागत नाही. मात्र त्याच नियमात एक अट आहे बरं का: सायकलीला योग्य ब्रेक हवेत. ते योग्य आहेत की नाहीत हे बघायला कुणी इन्स्पेक्टर येत नाही. ते आपणच बघायचं.

आता हे ब्रेक कसे असतात? माझ्या जुन्या चोवीस इंची सायकलीला रबराचे गुटके आहेत. ब्रेक दाबला की ते चाकाच्या रिमला चिकटतात. भाचीच्या सायकलीला डिस्क ब्रेक. चाकाच्या मधोमध, आसाजवळ, पोलादाची एक पातळ चकती असते. तीच डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी धरणारा एक चिमटा असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. चिमट्याच्या आत दोन छोटे पॅड. लिव्हर ओढला की पॅड डिस्कला आवळतात, घर्षण होतं, चाक थांबतं. पाचवीतल्या मुलालाही समजेल इतकं सोपं. फक्त 'घर्षण' हा शब्द लक्षात ठेवायचा. मी तो विसरलो.

झालं काय, की नवरात्रात तिची सायकल ओरडायला लागली. ब्रेक दाबला की 'चीं!' आणि तेही असं, की गल्लीतली कुत्री उठून बसावीत. तिच्या मैत्रिणी तिला 'हॉर्न' म्हणायला लागल्या. ती माझ्याकडे आली. "मामा, बघ ना जरा."

दसऱ्याला आम्ही नेहमीप्रमाणे सगळ्या गाड्या धुतल्या. झेंडूचे हार केले, हळदकुंकू वाहिलं. आणि मग मी माझी कुपी काढली. पुढच्या डिस्कवर दोन थेंब, मागच्या डिस्कवर दोन थेंब. चाक हाताने फिरवलं, ब्रेक दाबला. आवाज गायब! भाचीने टाळ्या वाजवल्या. मी मिशीला पीळ द्यायचाच बाकी होतो.

तुमच्यापैकी काहीजण आत्ताच कपाळावर हात मारत असतील. ज्या वस्तूचं सगळं काम घर्षणावर चालतं, तिथे मी घर्षण कमी करणारा पदार्थ ओतला होता! पण तेव्हा मला फक्त आवाज गेलेला दिसत होता.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली तेव्हा म्हणाली, "मामा, ब्रेक जरा कमी लागतोय रे."

मी वर्तमानपत्रातून डोकंही न काढता म्हणालो, "सवय होईल."

आता नागपूर म्हणजे कसं सपाट गाव. धरमपेठेतून शाळेत जायचं तर चढ नाही की उतार नाही. पाय टेकवले तरी सायकल थांबते. त्यामुळे दोन दिवस निभावलं. पण दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघं सकाळी सेमिनरी हिल्सला गेलो. सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे ही टेकडी त्या नावाने ओळखली जाते, आणि आमच्या सपाट गावात उताराची हौस भागवायची ती इथेच. वर चढताना भाची मोटर लावून भुर्रकन पुढे गेली. मी आपला घाम पुसत, अर्धं अंतर सायकल हातात धरून. वर झाडाखाली बसून दोघांनी पाणी प्यालं. मग फुटाळा तलावाच्या बाजूने उतरायला लागलो. ती पुढे, मी मागे.

पुढचे काही क्षण मला आजही नको वाटतात. तिची सायकल वेग घेत गेली. तिने ब्रेक दाबलेले मला मागून दिसले, कारण तिचे दोन्ही कोपर ताठ झाले होते. पण सायकल थांबेना. पुढे वळण होतं, आणि वळणावर एक माणूस शहाळ्यांची हातगाडी ढकलत चालला होता. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. भाचीने मात्र डोकं शाबूत ठेवलं. तिने हँडल डावीकडे घेतलं, रस्ता सोडला आणि सायकल सरळ कडेच्या उंच गवतात घातली. गवतात सायकल धडपडत गेली आणि आडवी झाली.

मी पोचलो तेव्हा ती उठून बसली होती. कोपर सोलवटलं होतं, गुडघ्यातून रक्त येत होतं. डोक्यावर हेल्मेट होतं. शहाळेवाला धावत आला, त्याने एक शहाळं फोडून तिच्या हातात दिलं आणि पैसे घेतले नाहीत. तिचे हात थरथरत होते. माझेही.

"मामा, मी दाबले होते रे ब्रेक. पूर्ण दाबले होते," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

सायकली हातात धरून आम्ही चालत गोकुळपेठेत आलो. तिथे एक वयस्कर मिस्त्री आहेत, सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. रविवार असूनही दुकान उघडं होतं. त्यांनी आधी सायकलीची बॅटरी बंद केली. मग डिस्ककडे नुसतं पाहिलं, एका पांढऱ्या चिंधीने ती पुसली आणि चिंधी आमच्यासमोर धरली. चिंधीवर तेलकट राखी डाग.

"यात तेल कोणं टाकलं?"

मुलांनो, इथे मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण मी म्हणालो, "दसऱ्याला धुतली ना सायकल, तेव्हा चेनचं तेल उडालं असेल."

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "पॅड बदलावे लागतीन. उद्या या."

भाची काही बोलली नाही. घराच्या वळणावर आल्यावर मात्र तिने अगदी सहज विचारलं, "मामा, पुढच्या चाकाला चेन असते का रे?"

मी गप्प.

घरी ताईने गुडघा पाहिला आणि जी काय बोलणी बसली ती सगळी भाचीला! "हवेत उडवत असशील सायकल! काही नाही, आता महिनाभर बंद." सायकलीचा चार्जर कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं. भाचीने एका शब्दानेही माझं नाव घेतलं नाही. जेवायला सांबारवडी होती. बाहेरगावच्या दोस्तांसाठी सांगतो, आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो आणि ही वडी समोर आली की मी मोजत नाही. त्या दिवशी एक वडी घशाखाली उतरेना. एवढीशी पोर खोटं बोलत नव्हती, चहाडीही करत नव्हती, आणि पन्नाशीचा मामा तिच्या आडोशाला लपून वडी खात होता.

संध्याकाळी मी ताईकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तेल टाकल्याचं, 'सवय होईल' म्हटल्याचं आणि दुकानात खोटं बोलल्याचंही. खोटं बोलल्याचं सांगणं सगळ्यात जड गेलं. ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने कपाट उघडलं, चार्जर काढला आणि भाचीच्या टेबलावर नेऊन ठेवला. माझ्याशी ती दोन दिवस बोलली नाही, ते वेगळं.

सोमवारी आम्ही दोघं उस्तादांकडे गेलो. मी पोचताक्षणीच कबुली दिली. ते हसले. "मले कालच समजलं होतं भाऊ. चेन उजव्या बाजूनं, डिस्क डाव्या बाजूनं. उडून उडून किती उडन?" मग त्यांनी भाचीला जवळ स्टूलवर बसवलं आणि मला उभंच ठेवलं.

त्यांनी जुने पॅड काढून दाखवले. पॅडचा माल दिसायला दगडासारखा, पण आत बारीक बारीक छिद्रं असतात. गुलाबजाम पाक पितो ना, तसा तो तेल पितो. वरून पुसलं तरी आतलं तेल गरम झालं की पुन्हा वर येतं. म्हणून तेल प्यायलेले पॅड फेकायचे. डिस्क मात्र पोलादाची, ती साफ होते. त्यासाठी उस्तादांनी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरलं. मोबाइल दुरुस्त करणारेही तेच वापरतात. कोरं फडकं, आणि डिस्कला बोट लावायचं नाही. आपल्या बोटांवरही तेलकटपणा असतो, तेवढाही तिला नको. शिवाय चाक फिरत असताना डिस्कजवळ बोट नेलं तर बोट कापू शकतं, आणि उतारावरून नुकतीच आलेली डिस्क चटका देते.

चटका का? भाचीने तिथेच वहीत हिशेब केला, तो बघा. ती ४६ किलोची, सायकल २४ किलोची, मिळून ७०. वीस मीटर उंचीचा उतार उतरताना एका वेगात राहायचं आणि सगळा भार ब्रेकवरच पडला असं धरायचं, तर सुमारे १३,७०० ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. तेवढ्या उष्णतेत तीन मोठे चमचे पाणी साध्या तापमानापासून उकळीला येईल! ती सगळी त्या चपात्यांपेक्षा लहान दोन चकत्यांनी सोसायची. वेगाचंही तसंच. पंधराऐवजी पंचवीसच्या वेगाने जाणारी सायकल थांबवायला जवळजवळ पावणेतीनपट ऊर्जा जिरवावी लागते, कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं हे सूत्र मी परीक्षेत पाठ केलं होतं. उतारावर आठवलं नाही.

पण मग आधीचा तो 'चीं' आवाज कशाचा होता? हेच मला विचारायचं होतं. उस्तादांनी एलन-की घेतली आणि पुढच्या कॅलिपरच्या दोन स्क्रूंपैकी एक फिरवला. तो जवळजवळ अर्धा फेरा सहज फिरला!

"हा पाहा. ढिला होता. म्हणून कॅलिपर थरथरून राहिला होता, अन् म्हणून आवाज येऊन राहिला होता. ब्रेक बोंबलत होता, अन् तुम्ही त्याचं तोंड दाबलं."

माझ्या अंगावर काटा आला. तो स्क्रू आणखी ढिला होत होत निघाला असता तर? पुढचा ब्रेकच सुटला असता.

नवे पॅड बसवल्यावर त्यांनी कॅलिपर कसा मधोमध आणायचा ते दाखवलं. दोन्ही स्क्रू थोडे ढिले करायचे, लिव्हर ओढून धरायचा, म्हणजे चिमटा आपोआप डिस्कवर नीट बसतो, आणि तसाच धरून स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. आमच्या सायकलीचे ब्रेक केबलचे. त्यात बहुधा बाहेरचा पॅड हलतो आणि आतला जागेवरच असतो. पॅड झिजत गेले की लिव्हर हँडलच्या जवळ जवळ यायला लागतो, तेव्हा केबल ताणून घ्यावी लागते. आतला पॅडही स्क्रूने थोडा पुढे घ्यावा लागतो.

तेवढ्यात एक कॉलेजचा मुलगा सायकल घेऊन आला. त्याचे ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी नळीत तेल भरलेलं. त्याचा लिव्हर ओल्या स्पंजासारखा दबत होता. भाचीने लगेच विचारलं, "काका, यांच्यात तेल चालतं, मग आमच्यात का नाही?" उस्ताद खूश झाले. तेल नळीच्या आत हवं, डिस्कवर नको! पास्कलचा नियम तुम्ही शिकला असाल: बंद द्रवावर एका टोकाला दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. द्रव दबत नाही. पण नळीत हवेचा बुडबुडा शिरला की तो दबतो, आणि आपली ताकद बुडबुडा दाबण्यातच जाते. ती हवा काढायचं काम मिस्त्रीचं, आणि कंपनीने सांगितलेलंच तेल त्यात घालायचं. एकात दुसरं मिसळलं की आतली रबरं खराब होतात.

मी तिथे उभा राहून आवाजांची भाषा शिकलो. चाक फिरताना ठरावीक जागीच 'शक्... शक्' होतं, तर डिस्क एका जागी वाकली आहे. सतत 'श्श्श' होतं, तर कॅलिपर एका बाजूला सरकला आहे. पावसात डिस्क ओली असेल तर पहिल्या दोनचार ब्रेकना ओरडते आणि कोरडी झाली की गप्प बसते, तिकडे लक्ष द्यायचं कारण नाही. पण 'खर्रर्र' असा लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला, तर पॅड संपलेत. तिथेच उतरायचं आणि सायकल हातात धरून न्यायची. आवाज नाही, पण लिव्हर घट्ट लागूनही सायकल थांबत नाही, तर डिस्कला तेल किंवा चिकट काहीतरी लागलंय. हा शेवटचा प्रकार मला समजावून सांगावा लागला नाही.

आवाजाची तक्रार काही आजची नाही बरं का! १९०२ साली फ्रेडरिक लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनियराने मोटारीच्या डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याने तांब्याचे पॅड वापरले होते आणि ते भयंकर ओरडत. डिस्क ब्रेकला खरा मान मिळाला तो १९५३ साली, फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत हे ब्रेक लावलेली जग्वार मोटार पहिली आली तेव्हा. म्हणजे ओरडणारा ब्रेक शहाणा व्हायला पन्नास वर्षं लागली. मी दोन थेंबांत उरकायला निघालो होतो.

पॅड नवे घातले म्हणजे काम संपलं, असं मला वाटलं. "नाही ना भाऊ!" उस्ताद म्हणाले. नवे पॅड डिस्कवर 'बसावे' लागतात. मोकळ्या मैदानात जायचं, सायकल चांगल्या वेगात आणायची आणि एकच ब्रेक हळूहळू, पण दमदार दाबून चालायच्या वेगापर्यंत आणायची. चाक घसरू द्यायचं नाही. असं वीसेक वेळा पुढच्या ब्रेकने, वीसेक वेळा मागच्या. पॅडच्या मालाचा एक अगदी पातळ थर डिस्कवर चढतो आणि मग पकड येते. सायकल नवी घेतली तेव्हा हे कुणीच केलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आमच्या कॉलनीच्या मैदानात हा कार्यक्रम झाला. भाचीच्या गुडघ्याला पट्टी होती, म्हणून निम्म्या फेऱ्या मी मारल्या. चाळीस वेळा वेग घ्यायचा आणि चाळीस वेळा थांबायचं! क्रिकेट खेळणारी मुलं खेळ थांबवून बघत होती. एकाने विचारलंही, "काका, तुम्ही सायकल शिकून राहिले का?" भाची मोजत होती. पहिल्या दहा वेळा सायकल आळसावल्यासारखी थांबली. विसाव्या फेरीनंतर ब्रेक असा लागला की मी हँडलवर ओणवा झालो.

आता दर रविवारी निघण्याआधी ती सायकलभोवती एक चक्कर मारते. बॅटरी बंद, स्क्रू हलतात का, पॅड किती उरलेत, लिव्हर कुठपर्यंत येतो. मग मोटर चालू करून एकदा ब्रेक दाबून बघते, कारण ब्रेक दाबताच मोटर बंद व्हायला हवी. मी बाजूला उभा राहून फक्त चिंधी धरतो. सेमिनरी हिल्सच्या उताराला पुन्हा जायला तिला तीन आठवडे लागले. पहिल्या दिवशी ती वरून बराच वेळ खाली बघत उभी राहिली. मग म्हणाली, "मामा, आज तू पुढे." ती माझ्यामागून हळूहळू, दोन्ही ब्रेक सोडत-दाबत खाली आली. शहाळेवाला तिथेच होता. या वेळी आम्ही पैसे दिले, मागचेसुद्धा.

परवा चाक फिरवताना पुन्हा बारीकसा आवाज आला. माझा हात सवयीने पत्र्याच्या डब्याकडे गेला. पण कुपी तिथे नव्हती. ती ताईने तिच्या शिलाई मशीनच्या खणात ठेवली आहे, आणि खणाची किल्ली भाचीच्या दप्तरात असते.